तपासणीनंतरच्या उपचारांचा हिशेब हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळकरी मुलांची आरोग्य तपासणी ही अलीकडची योजना आहे, असा अनेकांचा समज दिसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये पालघर येथून झाला हे खरे. परंतु आपल्या देशात विद्यार्थ्यांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोदा शहरात झाली होती. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते आणि मूल सक्तीने शाळेत बसवायचे, तर त्याला फळा दिसतो का, शिक्षकांचे बोलणे ऐकू येते का, हे पाहणेही राज्याचेच कर्तव्य ठरते. दुर्दैवाने बडोद्याचा कित्ता फारसा गिरवला गेला नाही. देशातील आरोग्यसेवांची पाहणी करणाऱ्या भोर समितीला १९४६ च्या अहवालात शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ नाहीच, असे नमूद करावे लागले.

१९७० च्या दशकात मी एका खेड्यातील शाळेत शिक्षक होतो. डॉक्टर येत तेव्हा मुलांना हजेरीच्या क्रमाने व्हरांड्यात उभे केले जाई. ते खालची पापणी ओढून पाहत, जीभ बाहेर काढायला लावत, बोटांच्या बेचक्यांत खरजेचे फोड आहेत का ते तपासत आणि आम्ही त्यांचे शेरे कार्डावर उतरवून घेत असू : रक्तक्षय, जंत, किडलेले दात, वाढलेले टॉन्सिल, रातांधळेपणा. एका मुलाच्या कार्डावर ‘डाव्या कानातून पू’ हा शेरा लागोपाठ तीन वर्षे, तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत होता. कान फुटणे त्या काळी कोणी आजारात धरत नसे. लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडले की झाले. तालुक्याच्या दवाखान्यात जायचे म्हणजे आईचा रोज बुडणार, म्हणून ते मूल कधी तिथे पोहोचलेच नाही आणि मागच्या बाकावर बसून ‘मठ्ठ’ ठरले. अशी मुले जवळपास प्रत्येक वर्गात असत.

याउलट ज्या आजारांवरचा उपाय मुलांच्या दारापर्यंत गेला, ते हटले. देवीचा आपल्याकडील शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला, नारूचा १९९६ मध्ये. खुपऱ्या या डोळ्यांच्या आजाराचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केले. २०१५ पासून जंतनाशक गोळी वर्गातच, शिक्षकांसमोर दिली जाते, म्हणून ती मुलाच्या पोटात जाते.

आजही पथक शाळेत येते, नोंदी होतात, गरज असलेल्या मुलांना पुढील रुग्णालयात पाठवण्याची शिफारस होते आणि तेथील उपचार मोफतही असतात. प्रश्न आहे तो शाळा आणि रुग्णालय यांमधल्या अंतराचा. ते पार करण्याचा भार अजूनही रोजंदारीवरच्या आईबापांवरच पडतो. म्हणून माझी शिक्षण व आरोग्य विभागांना विनंती आहे, की शिफारस झालेल्या मुलांना ठरलेल्या दिवशी शाळेतूनच वाहनाने नेण्याची सोय करावी, चष्मे शाळेतच पोहोचवावेत आणि वार्षिक अहवालात तपासलेल्या मुलांच्या संख्येशेजारी उपचार पूर्ण झालेल्या मुलांची संख्या शाळानिहाय प्रसिद्ध करावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक