‘हे कलाकार पाहाच’, पण का?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला फॅन आर्टवरचा, म्हणजे चाहत्यांनी आवडत्या कथांमधल्या पात्रांच्या काढलेल्या चित्रांवरचा, लेख आवडला. शेवटी ‘हे कलाकार पाहाच’ म्हणून दिलेल्या यादीनं मात्र निराशा केली. त्यातली सगळी मंडळी लाखो फॉलोअरवाली. त्यांची चित्रं न शोधताही समोर येतात, त्यासाठी शिफारस कशाला हवी?

मी निवृत्त चित्रकला शिक्षिका. कॉमिक्स आणि अ‍ॅनिमेच्या (म्हणजे जपानी कार्टूनपटांच्या) चाहत्यांनी काढलेली चित्रं पाहण्याचा मला नाद आहे (घरच्यांनी त्यापुढे हात टेकलेत). माझ्या आवडत्या तिघांबद्दल सांगते. तिघेही टोपणनावानं काढतात. पेपरात नाव आलेलं चालेल का, हे त्यांना विचारलेलं नाही, म्हणून नावं देत नाही.

एक जण नायक-नायिकेला हातच लावत नाही. दोन चौकटींपुरता आलेला पहारेकरी किंवा गर्दीत पाठमोरी उभी असलेली बाई, असल्यांची तो चित्रं काढतो. पहारेकऱ्याच्या बुटाची नाडी तुटलेली आणि तिला गाठ मारलेली. मूळ कथेत हे कुठेच नाही, पण ते पाहिल्यावर त्या माणसाला पगार किती मिळत असेल याचा विचार डोक्यात येतो. दुसरीची कमाल रंगात. सावलीसाठी ती काळा वापरतच नाही, जांभळ्या-निळ्यावर भागवते आणि तरी रात्र काळीकुट्ट वाटते.

तिसरी अजून शिकतेय. हात जमत नाहीत, कोपर भलतीकडे वळतं. पण तिनं काढलेलं माणूस पळताना खरंच पळतं, सगळा तोल पुढच्या पायावर गेलेला दिसतो. हे शिकवून येत नाही; आयुष्यभर शिकवलंय, म्हणून सांगते. शिफारशीची खरी गरज हिला आहे. चारच लोकांनी नेमकं काय आवडलं ते लिहिलं, तर ही पुढचं चित्र काढेल. नुसतं ‘भारी!’ लिहून तिला काय कळणार?

लेखात फॅन आर्ट म्हणजे इंटरनेटचं अपत्य असल्याचा सूर होता, तो पटला नाही. विज्ञानकथांचे चाहते पूर्वी सायक्लोस्टाइलवर, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढायच्या यंत्रावर, आपली मासिकं काढत, तेव्हा चित्रकार टोकदार लेखणीनं मेणाच्या स्टेन्सिलवर थेट रेघ ओढत. खोडरबराची सोय नाही! विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्कारांत फॅन आर्टिस्टचा वेगळा पुरस्कार १९६७ पासून आहे. पहिल्या वर्षी तो जॅक गॉन यांना मिळाला आणि त्याच वर्षी व्यावसायिक चित्रकाराचा पुरस्कारही त्यांनाच. टोकियोत चाहत्यांच्या स्वप्रकाशित कॉमिक्सचा कॉमिकेट हा मेळा १९७५ मध्ये सुरू झाला. ‘क्लॅम्प’ हा मांगा (जपानी कॉमिक्स) काढणाऱ्या स्त्रियांचा गाजलेला गटही अशाच हौशी प्रकाशनातून पुढे आला.

आणखी एक. आवडलेलं चित्र डाउनलोड करून आपल्या पानावर टाकणं म्हणजे शिफारस नव्हे. त्यात कोपऱ्यातली सही कापली जाते आणि कौतुक भलत्याच्या पदरात पडतं. खाली ‘चित्र इंटरनेटवरून साभार’ लिहिणाऱ्यांचा तर मला मनस्वी राग येतो. इंटरनेट काय चित्रं काढतं? (हल्ली तेही काढू लागलंय म्हणा, तो वेगळा विषय.) चित्रकाराच्या स्वतःच्या पानाची लिंक द्यावी. ते पान सापडत नसेल, तर चित्रावरून शोध घेण्याची सोय आहे, ती वापरावी.

तेव्हा यादीऐवजी पुरवणीत दर आठवड्याला एक छोटा चौकोन ठेवा. एक अनोळखी कलाकार, त्याच्या परवानगीनं छापलेलं एकच चित्र आणि त्यात काय पाहायचं ते सांगणारा परिच्छेद. पात्रांचे हक्क मूळ निर्मात्यांकडे असतात, त्यामुळे छापण्याआधी तुम्हाला कायद्याचा सल्ला घ्यावा लागेल, हे मान्य. तिथे अडलं तर चित्राशिवाय नुसता मजकूर आणि लिंक छापा. पहिले काही परिच्छेद मी लिहून देईन. मानधन द्यायचं झालं, तर ते चित्र काढणाऱ्याला द्या.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका