पंचगंगेची पातळी छापता, तशी हवेचीही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्यात आपल्या अंकात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगा नदीची पातळी पहिल्या पानावर असते. इशारा 39 फूट, धोका 43 फूट, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. नुसत्या भोगावतीचे पाणी बघून इथे कुणी महापुराचा अंदाज बांधत नाही. कासारी, कुंभी, तुळशी या नद्या मिळून प्रयाग चिखलीच्या संगमावर काय येते, ते बघावे लागते. हवेच्या बाबतीत मात्र आपण एकाच नदीकडे बघतो. हवा निर्देशांक म्हणून जो आकडा मिळतो, तो मोजलेल्या प्रदूषकांपैकी त्या दिवशी सर्वांत वाईट ठरलेल्या एकाचाच असतो. बाकीच्यांची त्यात बेरीज होत नाही.

माझी आठ वर्षांची नात उचगावला राहते. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की तिच्या उशाशी नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे तुषार श्वासातून देणारे यंत्र, येते. महामार्गावरचे डिझेल, धातू ओतणाऱ्या फौंड्रीच्या भट्ट्या, संध्याकाळी शिवारात पेटवलेले पाचट, वारा फिरला की गुऱ्हाळाचा धूर, हे सगळे एकाच श्वासात तिच्या छातीत जाते. त्रास नेमका कशाचा, असे डॉक्टरांना विचारले. एकावर बोट ठेवता येणार नाही, असे ते म्हणाले. मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले, त्यामुळे त्यांचे म्हणणे मला पटले. पण म्हणून हात जोडून बसावे, हे पटत नाही.

ऑक्टोबर 1948 मध्ये अमेरिकेतल्या डोनोरा गावात जस्त आणि पोलाद कारखान्यांचा धूर धुक्यात कोंडला आणि 20 माणसे दगावली. पुढच्या काळात मेरी ॲमडर या संशोधक बाईंनी गिनीपिगांवर प्रयोग केले. सल्फर डायऑक्साइड वायू एकटा दिला, तर प्राण्यांच्या श्वासनळ्या काही प्रमाणात आवळत. सोबत मिठाचे अतिसूक्ष्म कण सोडले, की त्या कितीतरी जास्त आवळत. तेच मीठ एकटे दिले तर काहीच होत नसे! हा वायू एरवी नाकाघशाच्या ओलाव्यातच बराचसा विरघळतो. कणांवर स्वार झाला की खोलवर पोचतो. प्रत्येक घटक वेगळा तपासला असता, तर हे कधीच कळले नसते.

मिश्रणातला दोषी शोधायची दुसरी रीत म्हणजे त्यातली एक गोष्ट काढून बघणे. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये पोलाद कारखाने आणि मोठा महामार्ग यांच्या जवळ संशोधकांनी उंदीर 10 आठवडे ठेवले. काहींना तिथली हवा जशीच्या तशी, काहींना बारीक कण अडवणाऱ्या गाळणीतून. 2004 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: गाळलेल्या हवेतल्या उंदरांच्या पिलांमध्ये आनुवंशिक उत्परिवर्तनांचे (जनुकीय द्रव्यातल्या बदलांचे) प्रमाण 52 टक्क्यांनी कमी होते. फरक मुख्यतः बापाकडून आलेल्या उत्परिवर्तनांत होता. हे वाचताना मला शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीचा रस्ता आठवला आणि दुचाकीवरून रोज फौंड्रीत जाणारी तरुण पोरे आठवली.

गाळणी लावली की झाले, असेही नाही. अमेरिकेतल्या अल्बुकर्कीच्या लव्हलेस संशोधन संस्थेत धमन्यांच्या रोगाकडे कल असलेल्या उंदरांना पेट्रोल इंजिनाचा धूर दिला गेला. त्यातले कण गाळून टाकले, तरी रक्तवाहिन्यांवरचा दुष्परिणाम राहिलाच; तिथे वायूच दोषी होते. म्हणून रस्त्यावर पाणी मारून धूळ बसवली की काम संपले, हे मला मान्य नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, असे रंकाळ्यावर फिरायला येणारे एक स्नेही मला नेहमी ऐकवतात. त्यात तथ्य आहे. प्रयोगशाळेतले लहान-मोठे उंदीर फक्त नाकाने श्वास घेतात, आणि धुळीचा अति मारा केला तर एरवी निरुपद्रवी धुळीनेही त्यांतल्या मोठ्या जातीच्या (रॅट) फुप्फुसात गाठी होतात. पण हॅमिल्टनच्या उंदरांना कुणी अति मारा केला नव्हता. तिथली माणसे घेत होती, तोच श्वास ते घेत होते.

कोल्हापूर हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या, हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत आहे. हाताने नमुने घेणाऱ्या केंद्रांवर राष्ट्रीय पद्धतीने आठवड्यातून दोनदाच मोजणी होते. ती रोज व्हावी, निदान नोव्हेंबर ते मार्च तरी. शेतकऱ्याला नुसता दोष देऊन भागणार नाही. पाचटाची कुट्टी करणारे यंत्र त्याला वेळेवर आणि परवडेल अशा भाड्यात मिळाले पाहिजे. आणि आपल्याला विनंती अशी, की सूक्ष्म कण, जाड धूळ, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांचे आकडे वेगवेगळे, शेजारी शेजारी छापावेत. धरणांच्या साठ्याचा तक्ता छापता, तेवढीच जागा पुरेल.

आपली,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका,
राजारामपुरी, कोल्हापूर