घोडीच्या वर्षभराच्या खर्चाविषयी मित्रास पत्र

फलटण,
5 नोव्हेंबर 2025

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून पांढरी नुकरा घोडी घ्यायची, ती वरातींना भाड्याने द्यायची आणि त्याच पैशातून तिचा सांभाळ करायचा, हा तुझा बेत मला आवडला. हिशेब मात्र अपुरा वाटला. घोडीची किंमत, खोगीर आणि टेम्पोचे भाडे तू बारकाईने मांडलेस, आणि पुढचे अख्खे वर्ष ‘दाणा-वैरण’ एवढ्यावर उरकलेस.

साधारण 400 किलो वजनाच्या घोडीला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे रोज आठ किलो कोरडा आहार लागतो. त्यात सहा किलो कडबा किंवा वाळलेले गवत आणि दोन किलो चंदी, म्हणजे दाणा, धरली, तर वर्षाला जवळजवळ 2,200 किलो वैरण आणि 730 किलो दाणा होतो. चंदीत निम्मा हरभरा धरलास तरी 365 किलो. 2025-26 च्या हंगामातल्या 5,650 रुपये क्विंटल या हमीभावानेच ती रक्कम वीस हजारांच्या वर जाते, आणि दुकानदार काही तुला हमीभावाने हरभरा देणार नाही. कडबा ज्वारीची काढणी झाल्याबरोबर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, वर्षाचा एकदम भरावा. पावसाळ्याच्या तोंडावर तोच कडबा चढ्या भावाने आणि विक्रेत्याच्या मर्जीने घ्यावा लागतो. अर्थात त्यासाठी कोरडी जागा हवी, म्हणजे पत्र्याच्या शेडचा खर्चही या खात्यात आला. जमिनीला टेकून रचलेल्या गंजीतली तळची पेंढी सोडली की पांढरी धूळ उडते आणि कुबट वास येतो. ती बुरशी असते. बैल तशी वैरण एखादवेळ पचवील, घोडीला मात्र तीच खोकला किंवा पोटशूळ देते.

आपल्याकडे उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, फुकट मिळते, त्यावर भागवण्याचा मोह तुला होईलच. वाढ्यातील ऑक्झलेट या क्षारामुळे आहारातले कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि जोडीला गव्हाचा कोंडा भरपूर घातला तर त्यातील फॉस्फरसने हाडे आणखी कमकुवत होतात. कॅल्शियमसाठी लसूणघास या हिरव्या चाऱ्याचा एखादा वाफा लावलास तर तो खर्च नक्की वसूल होईल.

नालबंद सहा-आठ आठवड्यांनी बोलवावाच लागतो. घोडी कामावर नसली तरी खूर वाढतच राहतो, आणि पावसाळ्यात ओल्या तबेल्यात खुराच्या तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग काळा पडून सडू लागतो. पाय उचलताच घाण वास आला, की समजावे. वर्षाला सात-आठ खेपा धर, त्यात नाल व खिळे वेगळे. जंतनाशक आणि धनुर्वाताची लस यांचा खर्च किरकोळ आहे. पोटशूळ मात्र किरकोळ नाही. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोट तुंबले की डॉक्टर रात्रीच आणावा लागतो, आणि घोड्याची माहिती असलेला डॉक्टर जवळपास असेलच असे नाही. विम्याचा आधार धरू नकोस. तो बहुधा जनावर दगावल्यावर मिळतो, उपचाराला नाही. त्यासाठी वेगळी रक्कम बँकेत टाक आणि ती चंदीला वापरू नकोस.

आता मिळकत. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, मध्ये पौष जवळजवळ कोरडा जातो, आणि आषाढी एकादशीपासून चार महिने वराती बंद. नेमक्या त्याच काळात वैरण महाग, आजार जास्त, आणि मोतद्दाराचा, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्या नोकराचा, पगार मात्र दरमहा तोच. म्हणून भाड्याचा हिशेब बारा महिन्यांनी भागून करण्याऐवजी चातुर्मासाचा सगळा खर्च उन्हाळ्यातल्या मिळकतीतून आधी बाजूला काढ. उरेल तेवढेच उत्पन्न समज. दोन घोड्या घेतल्या तर मोतद्दार एकच लागेल, हा तुझा मुद्दा बरोबर आहे, पण पोट दोघींनाही असते. पहिल्या वर्षी एकच घे.

सौदा करताना ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा दाखला पाहिल्याशिवाय पैसे देऊ नकोस. हा रोग माणसालाही होतो, त्यावर खात्रीचा उपचार नाही, आणि निदान पक्के झाले की जनावर कायद्याने नष्ट करावे लागते. माझ्या पागेतले अंग घासायचे दोन खरारे आणि तोंडाला बांधून दाणा चारायचा एक तोबरा तुझ्यासाठी ठेवतो. ते विकत घेऊ नकोस. वहिनींना नमस्कार सांग, आणि सुधारलेला हिशेब बाजाराला निघण्यापूर्वी पाठव.

तुझा,
माधव