बिल्ड पास, इम्पोर्ट नापास: ताईंचे जाहीर आभार

प्रिय ताई,

आमचं पायथनचं सी एक्स्टेंशन (पायथनला जोडायचा सी भाषेतला कोड) बिल्ड होऊनही का चालत नाही, हे आम्ही विचारलं होतं. विरार लोकलमध्ये उभ्याउभ्या टाइप केलेल्या तुमच्या त्या लांबलचक मेसेजवर आमच्या अंधेरीच्या टीमचं सगळं बिल्ड चालतंय. आभार मानायचे राहूनच गेले होते, म्हणून हे पत्र.

'पायथन.एच सापडत नाही' या कंपाइल करतानाच्या तक्रारीवर तुम्ही एक ओळही घालवली नाहीत, बरं केलंत. उबुंटूवर पायथन३-डेव्ह हे पॅकेज टाकलं की तो प्रश्न मिटतो. तुम्ही बोट ठेवलंत ते पुढच्या दुखण्यावर. सी एक्स्टेंशन एकही वॉर्निंग न देता बिल्ड होतं आणि इम्पोर्ट करताच 'अनडिफाइन्ड सिम्बॉल: कर्ल_ईझी_इनिट' म्हणत कोसळतं. लिनक्सवर शेअर्ड लायब्ररी (चालताना लोड होणारी एसओ फाइल, आपलं एक्स्टेंशन तीच) बनवताना लिंकर, म्हणजे तुकडे जोडणारा प्रोग्राम, न सापडलेली नावं मुकाट्याने पुढे ढकलतो. हिशेब होतो तो थेट लोड होताना. चूक असते एका शब्दाची: सेटअप.पीवाय या बिल्डच्या फाइलमध्ये 'लायब्ररीज'च्या यादीत 'कर्ल' ही नेटवर्कची लायब्ररी लिहायची राहिलेली असते. तयार एसओ फाइलवर एलडीडी -आर ही कमांड चालवली की न सापडलेल्या नावांची ही भली मोठी रांग लागते. 'त्यातली पीवाय आणि अंडरस्कोर-पीवायने सुरू होणारी सोडा, ती पायथनचा इंटरप्रिटर देतो. उरतील ती आपली पापं,' हे तुमचं वाक्य आता बोर्डावर आहे.

दुसरं जीलिबसीचं, म्हणजे लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीचं. उबुंटू २२.०४ वर बनवलेलं व्हील (पायथनचं तयार पॅकेज) २०.०४ च्या सर्व्हरवर 'जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड' म्हणत अडतं, कारण तिथे २.३१ च आहे. ऑडिटव्हील रिपेअर हे टूल यावर औषध नाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. ते कर्लसारख्या बाहेरच्या लायब्ररी व्हीलमध्ये भरतं आणि नावातला, कुठे चालेल ते सांगणारा टॅग बदलतं. जीलिबसी जुनी करत नाही. त्यासाठी बिल्डच मेनीलिनक्स_२_२८ च्या, म्हणजे जीलिबसी २.२८ असलेल्या कंटेनरमध्ये करायचं. आणि -मार्च=नेटिव्ह हा कंपाइलरचा फ्लॅग काढून टाकायचं, नाहीतर नव्या प्रोसेसरवर बनवलेलं व्हील जुन्यावर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' देऊन मरतं. हा फ्लॅग लोक वेगाच्या हौसेने घालतात आणि मग विसरतात.

अल्पाइन लिनक्स तेवढं बाकी आहे. तिथे जीलिबसीच्या जागी मसल ही दुसरी सी लायब्ररी, त्यामुळे आपलं व्हील पिपला (पॅकेज टाकणाऱ्या प्रोग्रामला) चालत नाही आणि तो सोर्स उचलून तिथेच कंपाइल करायला बसतो. मसलसाठी मसललिनक्स टॅगचं व्हील वेगळं बनवतोय. अडलो तर पुन्हा मेसेज करू. घाई नाही, सीट मिळाली की उत्तर द्या.

तुमची,
अंधेरीची टीम