भाऊसाहेब, वर्तुळातल्या त्या आकड्यांसाठी

आदरणीय भाऊसाहेब,
सा. न.

वाटपाच्या दाव्यात प्राथमिक हुकूमनामा झाला. आमच्या धाकट्या पातीचा (कुटुंबाच्या धाकट्या शाखेचा) आणि दोन्ही आत्यांचा हिस्सा कोर्टाने मान्य केला. तुम्ही तलाठी म्हणून निवृत्त झालात, पण दप्तर वाचण्याची तुमची नजर शाबूत आहे, म्हणून हे जाहीर आभार.

सातबाऱ्यावर थोरल्या पातीचं एकच नाव होतं. सातबारा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे कुणीही सांगतं. ते नाव तिथे आलं कसं, हे तुम्ही शोधायला लावलंत. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार नंबर (हक्क बदलल्याच्या नोंदींचे क्रमांक) धरून एकेक फेरफार मागे काढायला सांगितलात. त्यातल्या एकात नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ स्पष्ट होतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एकटा मालक नव्हे. उताऱ्याचं पुनर्लेखन झालं तेव्हा ही तीन अक्षरं गळली, आणि ती कमी करणारा फेरफारच नाही! सगळा दावा या एका कागदावर उभा राहिला. नेटवरची बिनसहीची प्रत वाचायला ठीक, कोर्टात प्रमाणित नक्कलच लागते, हेही तुम्हीच बजावलंत.

वंशावळीत आत्यांना घ्यायला घरातूनच कुरकुर होती. एक वारस वगळला तरी वाटपाचा दावा लंगडा पडतो, आणि 2020 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर, 9 सप्टेंबर 2005 ला, म्हणजे हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात नव्हते म्हणून मुलीचा जन्मसिद्ध हक्क नाकारता येत नाही. समोरच्यांनी ‘तोंडी वाटणी झालीय’ म्हटलं, पण तिला धरून ना फेरफार होता, ना वेगळी वहिवाट.

दावा चालू असताना प्रतिवादी वारला तर वारस रेकॉर्डवर आणायला 90 दिवस मिळतात. ‘तेराव्याला बोलणं नसलं तरी मृत्यूची तारीख लिहून घ्या’ हे तेव्हा कठोर वाटलं. कामाला तेच आलं. लिस पेंडन्सची, म्हणजे जमिनीवर दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा आग्रहही तुमचाच. त्यानंतर जमिनीची गिऱ्हाइकं बिचकली.

आता शेतजमिनीचं वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे कलेक्टरकडे जाईल, घराचं कोर्ट कमिशनरमार्फत. विहीर, मोटर, वीजजोड, पाण्याची पाळी आणि बांधावरची वाट हुकूमनाम्यात नावानिशी घालून घ्या, असं तुम्ही आधीच सांगितलं होतंत. नाहीतर मोजणीदार नुसतं क्षेत्र मोजून पोटहिस्से पाडतो, आणि पाणी एका पातीकडे, कोरडी जमीन दुसऱ्या पातीकडे अशी नवी भांडणं लागतात. वकीलसाहेबांनी त्या ओळी मागणीत घातल्या होत्या, त्या हुकूमनाम्यात आल्या.

नकलांच्या फीपलीकडे तुम्ही काही घेऊ दिलं नाहीत. मोजणीची नोटीस आली की कळवतो. शेताच्या पश्चिमेची जुनी हद्द तुमच्याइतकी कुणाला ठाऊक नाही, तेव्हा त्या दिवशी यावंच लागेल.

आपली,
धाकट्या पातीतली भावंडं