पाटीच्या दगडावरची द्राक्षे

बर्नकास्टेल-क्यूस,
४ ऑक्टोबर

प्रिय मधुकर,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या निफाडच्या बागेत पहिल्यांदा कात्री हातात धरली, तेव्हापासून द्राक्षाची वेल दिसली की तुझीच आठवण येते. म्हणून जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या या गावातून तुलाच लिहायला बसलो आहे. बर्नकास्टेल नदीच्या एका काठावर आणि क्यूस समोरच्या काठावर असून १९०५ साली दोहोंचे मिळून एक गाव झाले. चौकाजवळ लाकडी चौकटींची जुनी घरे आहेत, त्यांतले १४१६ सालचे एक तर पायाशी अगदी चिंचोळे आणि वरच्या मजल्याला रुंद आहे.

पण माझे मन रमले ते बागेत. इथल्या उतारावर माती जवळजवळ दिसतच नाही. लहानपणी आपण ज्या पाटीवर अक्षरे गिरवली, त्याच जातीच्या दगडाच्या निळसर-करड्या चिपा सर्वत्र पसरल्या आहेत. उन्हे कलताना त्यांतली एक उचलली, तर तळहाताला चांगलीच ऊब लागली. दिवसभराचे ऊन हा दगड धरून ठेवतो आणि रात्री वेलीला देतो, म्हणून इतक्या उत्तरेकडच्या थंडीतही रीसलिंग जातीची द्राक्षे पिकतात. जुन्या पद्धतीच्या बागांत मांडव नाही की तारा नाहीत. प्रत्येक वेलीला स्वतंत्र खुंट असतो आणि तिच्या काड्या वाकवून पत्त्यांतल्या बदामाच्या आकारात बांधतात. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात होते. उतार इतका उभा आहे की खुडणारी माणसे एक पाय वर आणि एक खाली रोवून, हातानेच घड काढतात. त्यांचे ते कष्ट पाहून मला फार आदर वाटला.

क्यूसच्या बाजूला मी वृद्धाश्रम पाहिला. याच गावी १४०१ साली जन्मलेले कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू, निकोलस यांनी येशूच्या आयुष्याच्या ३३ वर्षांची आठवण म्हणून ३३ निराधार वृद्धांसाठी तो स्थापन केला. त्यांचा देह रोममध्ये पुरला असला, तरी हृदय इथल्या प्रार्थनामंदिरात आहे. या आश्रमाला शतकानुशतके द्राक्षबागांच्या उत्पन्नाचा आधार मिळाला आणि आजही तिथे वृद्ध राहतात. तिथल्या अंगणात मी बराच वेळ बसून राहिलो. तुझ्या वडिलांची फार आठवण आली.

इथे खुडणी चालू आहे आणि तुझ्याकडे फळासाठीच्या गोडी छाटणीची धांदल असेल. ती उरकली की बागेचे सविस्तर कळव. काकांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
अनंत