खुशाल आहे, असं लिहू नकोस

माणगाव,
१८ जुलै

चि. बायस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू पाच मिनिटांत तीनदा खोकलीस. मी आईला काही बोललो नाही, पण तिनेही मोजलं होतं. 'जरा कणकण आहे, बाकी काही नाही' म्हणालीस आणि लगेच फोटोंचा विषय काढलास. मीही त्यातच रमलो. फोन ठेवल्यावर माझा मलाच राग आला, कारण त्या उन्हात मोंतोनेला तुला मीच पाठवलं. वर्षभर माझं एकच पालुपद होतं, इटलीत पेरुजियात राहतेस, मोंतोने गाव जवळच तर आहे, एकदा जाऊन घाडग्यांचं सूर्यघड्याळ बघून ये.

फोटो आला तेव्हा आपल्याकडे साडेचार झाले होते, म्हणजे तिकडे दुपारचा एक. सूर्यघड्याळ बघायला वेळ चांगली, पण अंगात ताप असताना नव्हे. डोक्याला टोपीसुद्धा नाही. असो. तुला रागवायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

फोटो मोठा करून करून पाहिला. दुसऱ्या महायुद्धात तिथे लढताना पडलेल्या यशवंतराव घाडग्यांचं नाव घड्याळावर दिसलं. त्या लॅटिन ओळीचा अर्थ तू सांगितलास, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. इथे पाऊस असा लागलाय की आठ दिवस सूर्य दिसलेला नाही, पण ओळ मनात बसली. पळसगावचा पोरगा, वय २२, तुझ्याहून दोन वर्षांनी लहान. आणि २०२३ साली मोंतोने गावाने त्याच्या नावाने घड्याळ बसवलं. शाळेत असताना माणगावातल्या त्यांच्या पुतळ्यापुढून रोज जायचीस, तेव्हा कुठे वाटलं होतं की त्यांच्या लढाईच्या जागी तू उभी राहशील?

मी आयुष्यभर एसटी चालवली, त्यामुळे लढाईसुद्धा मला रस्त्यानेच कळते. त्यांची दहावी इंडियन डिव्हिजन आधी पूर्व किनाऱ्यावर, ऑर्टोनाच्या बाजूला होती. जून १९४४ संपता संपता तिला डोंगर ओलांडून टायबरच्या खोऱ्यात आणलं. तुझं पेरुजिया २० जूनला जर्मनांच्या हातून सुटलं होतं. पुढे नदीच्या कडेने वर उंबेर्तिदे, मग मोंतोने, मग चित्ता दि कास्तेल्लो. पेरुजियापासून धरलं तर माणगावहून महाडला जाऊन परत यावं एवढाच रस्ता. माझ्या गाडीला दोन तास लागले असते. फौजेला महिना लागला. दोन्ही अंगांना डोंगर, आणि डोंगरांवर मशिनगन लावून बसलेले जर्मन.

१० जुलैला घाडग्यांच्या सेक्शनवर, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशिनगन चालली. नाईक घाडगे सोडून सेक्शनमधला एकूण एक जण मेला किंवा जखमी झाला. ते एकटे धावत गेले. ग्रेनेड टाकून मशिनगन आणि चालवणारा गार केला, टॉमीगनने आणखी एकाला पाडलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळालं. कबर नाही. नाव इटलीतल्याच कासिनोच्या युद्धस्मारकावर आहे. आता कासिनोलाही जाऊन ये, असं लिहिणार होतो. पण नको. निदान खोकला जाईपर्यंत तरी नको.

आपले आबा घाडग्यांच्याच पलटणीत, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते, हे तुला माहीत आहे. पण ट्रंकेतली पत्रं तू कधी वाचली नाहीस. काल काढली. इटलीहून आलेली सात आहेत, लेखनिकाकडून लिहून घेतलेली. सातही पत्रांत पहिलं वाक्य एकच, 'मी येथे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे.' मग म्हशीची चौकशी, खाचराच्या बांधाची चौकशी, पाऊस किती झाला. ऑगस्टच्या पत्रातही तेच. त्या ऑगस्टात ते मांडीत लोखंडाचा तुकडा घेऊन लष्करी दवाखान्यात पडले होते. घरी कोणाला पत्ता नाही. १९४६ साली बांधावरून लंगडत येताना पणजीने पाहिलं, तेव्हा कळलं. पुढे आयुष्यभर ती म्हणायची, कागदावर खुशाल वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो.

मला काय म्हणायचंय ते तू ओळखलंस. आबांकडे लपवायला कारण होतं. समुद्रापलीकडून घरच्यांनी करायचं तरी काय होतं? तुझ्याकडे फोन आहे, डॉक्टर आहे, विम्याचं कार्ड आहे. तरी तुझंही तेच, 'मी ठीक आहे.' ताप उतरला म्हणजे दुखणं गेलं असं नसतं. गोळी घेऊन लॅबमध्ये जाऊन बसू नकोस. मामाच्या वेळी आपण दोन दिवस थांबलो होतो, ते विसरू नकोस.

बघ, उपदेश करायचा नाही म्हणत होतो आणि केलाच. माफ कर. मामाचं तर काढायलाच नको होतं.

तुझा तो व्हिडिओ मी डेपोतल्या सगळ्यांना दाखवला. मोंतोनेच्या चौकात त्या म्हाताऱ्या गृहस्थांशी तू इटालियनमध्ये बोलतेस तो. काय बोललीस ते एकालाही कळलं नाही, मलाही नाही. पण तुझा हात घाडग्यांच्या नावाकडे गेला आणि त्या गृहस्थांनी मान हलवली. आपल्या घरातलं माणूस त्या डोंगरावर बंदूक घेऊन चढलं होतं, आणि ८० वर्षांनी त्याच घरातली मुलगी तिथल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलत उभी. छाती भरून आली बाय. आणि त्याच व्हिडिओत शेवटी तू खोकतेस. तेवढा भाग मी कोणाला दाखवत नाही.

घराची काळजी नको. लावणी झाली. मागच्या पडवीत गळतंय तिथे पत्रा टाकला. आईचे गुडघे पावसाळ्यात दुखतात तेवढेच दुखतायत. बघ, मी तरी 'खुशाल' लिहिलं नाही.

हे पत्र शेजारचा मुलगा फोटो काढून पाठवेल. वाचलंस की आधी ताप मोज आणि आकडा लिही. 'ठीक' नको, आकडा. रात्र झाली असली तरी चालेल, आई फोन उशाशी घेऊन झोपते.

तुझे,
बाबा